पिशवी काढल्यानंतरचं वजन



"पिशवी काढली आणि अंग सुटलं हो!" दवाखान्यात हे मी फार वेळा ऐकते. सांगता सांगता बाईचा हात परकराच्या नाडीकडे जातो. नाडीची गाठ आता टोकाशी आलेली असते. अशा वेळी मी आधी ऑपरेशनचा कागद मागते. नुसतं गर्भाशय काढलं, की दोन्ही अंडाशयंही? हे पुष्कळ जणींना कुणी सांगितलेलंच नसतं.

गर्भाशय मुठीएवढं. ते काढल्यावर तिथे चरबी भरत नाही. आतडी सरकून जागा घेतात. अंडाशयं काढली, तर मात्र पाळी जाण्याचा काळ एका दिवसात येतो. इस्ट्रोजेन घटतं, चरबी पोटावर बसू लागते, अंगातून वाफा निघतात, झोप मोडते. अंडाशयं राखली, तरी ती थोडी लवकर थकू शकतात.

दुसरं कारण घरच्या मायेतलं. साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, हे खरं. पण ते सहा महिने चालतं, आणि वर बाळंतिणीसारखा शिरा नि डिंकाचे लाडू! स्नायू झिजतात, वजन चढतं.

म्हणून पहिल्या आठवड्यापासून घरातल्या घरात चाला. डॉक्टरांनी मोकळीक दिली, की रोज अर्धा तास. पुढे खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. जेवणात उसळ, अंडं किंवा दही हवंच. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं. उपासाने वजन उतरेल म्हणून साबुदाण्याची खिचडी खाऊ नका. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर साखर आणि रक्तदाब तपासा. सुस्ती असेल, तर थायरॉइडही.

पण घरची ही विश्रांती सगळ्याच जणींना मिळत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कित्येक चाळिशीच्या आतल्या. विश्रांती त्यांच्या वाट्याला आलीच नाही. मोळी पुन्हा डोक्यावर आली. अंडाशयं लवकर गेली, की हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. अशा प्रत्येकीने हार्मोनच्या उपचाराबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आज ट्रंक उघडा, ऑपरेशनचा तो कागद शोधा आणि पुढच्या तपासणीला सोबत न्या. आपल्या शरीरातून काय गेलं आणि काय उरलं, हे कळणं आपला हक्क आहे.