जाकिटाआडचा कॅमेरा



एकोणिसाव्या शतकातील छायाचित्र म्हटले की स्टुडिओत ताठ बसलेली, गंभीर मुद्रेची माणसे डोळ्यांसमोर येतात. ती माणसे कधी हसतच नव्हती काय? याचे उत्तर नॉर्वेतील एका विद्यार्थ्याने देऊन ठेवले आहे.

१८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा आला आणि छायाचित्रण हौशी माणसाच्या हाती गेले. त्याच सुमारास जाकिटाआड लपवता येतील असे चपटे, गोल कॅमेरेही विक्रीस आले. १८९३ साली कार्ल स्टोर्मर या गणित शिकणाऱ्या तरुणाने असा एक कॅमेरा घेतला. भिंग काजातून डोकावे, दोरी खिशात असे. क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लो शहराच्या हमरस्त्यावर तो समोरून येणाऱ्यास अभिवादन करी आणि हळूच दोरी ओढी. १८९७ पर्यंत त्याने सुमारे ५०० चित्रे टिपली. त्यांत नाटककार हेन्रिक इब्सेन आहेत, तसेच टोपी उचलून प्रतिसाद देणारे, मंद स्मित करणारे सामान्य स्त्री-पुरुषही आहेत.

पुढे हाच तरुण ध्रुवीय प्रकाशाचा थोर संशोधक म्हणून मान्यता पावला. छायाचित्रांच्या साहाय्याने त्या प्रकाशाची उंची त्यांनी मोजली.

तथापि एक प्रश्न उरतो. त्या पादचाऱ्यांची अनुमती घेतली गेली नव्हती. ती मागितली असती, तर ते स्मित मावळले असते. न मागितल्याने ते नकळत हिरावले गेले. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. दुसऱ्याचा सहज क्षण ही त्याचीच ठेव आहे, एवढा विवेक तो हाती घेणाऱ्या प्रत्येकाने बाळगावा.