द्राक्षबागेची माती आणि तीन वर्षांचा खंड
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कामरेज येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव समितीने शेतीवर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही द्राक्षबाग हा विषय कळविला. त्यावर चिटणीसांनी फोनवरून हळूच विचारले, की भाषणात वाइन येणार काय? येणार आहे. गुजरात राज्य १ मे १९६० रोजी जन्मास आले ते दारूबंदीसह, आणि हा मंडप त्याच राज्यात उभा आहे, याचे भान आम्हांस आहे. तरी पण येथून जवळच्या भरूच बंदरात दोन हजार वर्षांपूर्वी इटलीची द्राक्षमदिरा जहाजांतून उतरत असे, हे त्या काळच्या एका ग्रीक व्यापारी ग्रंथात नमूद आहे. तेव्हा नुसते नाव घेतल्याने कोणाचे व्रत मोडू नये. आमचा विषय पेल्यातला नसून मातीतला आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची घरे येथे आणि सातबारा तिकडे, अशी स्थिती आहे. कोणाचा खानदेशात, कोणाचा नाशकाकडे. एक भाऊ गावी जमीन पाहतो, बाकीचे सुरतेस, उधन्यास, कामरेजला पोट भरतात, आणि वर्षाकाठी गावाहून खंडाचे पैसे किंवा धान्याचे पोते येते. आमचेही तसेच आहे. आम्ही तिघे भाऊ. मधला व आम्ही इकडे आलो. धाकटा निफाड तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग करतो. आज सांगावयाचे ते त्या दोन एकरांचे.

सन २००९ मध्ये आमची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या आरंभी झाली. ज्यांनी द्राक्षे केली नाहीत त्यांच्यासाठी एवढे सांगतो, की आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड येतो. युरोपात वेल हिवाळाभर बर्फाखाली निजते. आपली वेल निजत नाही, तिला आपण कात्रीने वळण लावतो. तर त्या वर्षी नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात असताना फयान वादळाचा पाऊस आला. चार दिवसांत पानांच्या पाठीवर डावणीची पांढरी बुरशी दिसली, आणि पाहता पाहता ती घडांत शिरली. धाकट्याने दिवसाआड फवारे मारले. ब्लोअर रात्रीही चाले. तरी निम्मा माल गेला.

उरलेला निम्मा माल निर्यातीस गेला. आणि २०१० च्या वसंतात युरोपच्या प्रयोगशाळांत भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेबाहेर सापडला. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर फुटीची वाढ आवरावी आणि डोळ्यांत घड धरावा म्हणून ते मारीत. म्हणजे एप्रिलात मारलेले द्रव्य पुढल्या फेब्रुवारीच्या मण्यात निघाले! कित्येक बागाईतदारांचा माल परदेशी बंदरांत अडकून पडला. आमचाही त्यात होता. ज्या व्यापाऱ्यामार्फत तो गेला, त्याने हात वर केले. धाकट्याचा फोन आला तो एवढाच, की दादा, कुऱ्हाड लावतो.

आईने कुऱ्हाड लावू दिली नाही. वेली वडिलांनी लावलेल्या, एवढेच तिचे कारण. शास्त्र त्यात काही नव्हते. परंतु त्यामुळे आम्हांस विचार करावयास एक उन्हाळा मिळाला.

त्या उन्हाळ्यात जे पाहिले व वाचले, त्यात पहिले नाव कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचे. हे गृहस्थ गणिताचे अध्यापक, जन्म १९२४, निधन २००१. तासगावच्या द्राक्षशेतीच्या उत्कर्षात त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’चा वाटा मोठा आहे. शेतकऱ्यानेच आपल्या बांधावर प्रयोग करावा, तो लिहून ठेवावा, आणि दुसऱ्यास मोकळेपणाने सांगावा, ही त्यांची रीत. ते हिशेब मांडीत तो उन्हाचा. पानावर जितके ऊन पडेल तितकी साखर तयार होईल, म्हणून एक पान दुसऱ्याच्या सावलीत राहू नये. आणि पानाने जे केले त्यातला काडीकचरा मातीस परत मिळावा. पालापाचोळा, शेण, गोमूत्र, गूळ यांतून ते जी माती बनवीत, तिला त्यांनी अमृतमाती म्हटले. नाव थोडे भारी आहे, परंतु ती माती मुठीत घेतली की भारी वाटत नाही.

दुसरे नाव आपल्या अगदी शेजारचे. येथून दक्षिणेस महामार्गाने गेले तर तीनेक तासांत उंबरगाव येते. त्या भागातील देहरी गावी भास्करभाई सावे यांची ‘कल्पवृक्ष’ नावाची चौदा एकरांची वाडी आहे. आडनाव आपल्या पालघर-वसईकडील माणसांस ओळखीचे वाटेल. १९२२ साली जन्मलेले हे प्राथमिक शिक्षक आधी रासायनिक खतांचे नमुनेदार शेतकरी होते, इतकेच नव्हे तर त्या खतांचा प्रसारही करीत. हिशेब तपासता तपासता त्यांच्या ध्यानी आले, की खर्च वाढतो आणि माती मरते. मग ते उलट फिरले. जपानचे मासानोबू फुकुओका यांनी ती वाडी पाहून फार वाखाणली होती. २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने भास्करभाईंचा जीवनगौरव केला. २०१५ साली ते वारले. आम्ही दोघे भाऊ ती वाडी पाहून आलो. चिकू आणि नारळ, खाली पालापाचोळ्याचा गुडघाभर थर, मध्ये पाण्याचे चर, आणि नांगर कोठेही नाही. धाकट्याने पायाने थर बाजूस केला व खाली बोट घातले. बोट सहज दोन पेरे आत गेले. आमच्या बागेच्या बोदात पहार लागत असे.

परंतु चिकू वेगळा आणि द्राक्ष वेगळे. चिकूला डावणी येत नाही. म्हणून परदेशातील द्राक्षवाल्यांचे काय चालते तेही पाहिले. रुडॉल्फ स्टायनर नावाच्या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाने जून १९२४ मध्ये कोबरविट्स येथे, म्हणजे आजच्या पोलंडात, शेतकऱ्यांपुढे काही व्याख्याने दिली. त्यांतून ‘बायोडायनॅमिक’ शेती निघाली. गाईचे शिंग शेणाने भरून हिवाळाभर जमिनीत पुरावयाचे, वसंतात काढून त्यातले चिमूटभर पाण्यात तासभर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे घुसळावयाचे, आणि तिन्हीसांजेला शेतावर शिंपडावयाचे. पेरणीस व छाटणीस चंद्राची गती पाहावयाची. फ्रान्समधील नामांकित वाइनबागा आज या पद्धतीने चालतात. न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर १९९३ पासून वारंवार भारतात येऊन ती शिकवीत असत.

हे ऐकून आमच्या आईस हसू आले. शेण आणि चंद्र शिकावयास माणूस न्यूझीलंडहून येतो, याचे. आमचे मत विचाराल तर शिंगाचा गुण असा वेगळा काढून दाखविणारा भक्कम पुरावा आम्हांस सापडला नाही. पण जो शेतकरी शिंग पुरतो, तो शेणखतही मुबलक घालतो, तणनाशक मारीत नाही, ओळींमध्ये हिरवे पीक ठेवतो, आणि रोज बागेत हिंडतो. गुण त्याचा असावा. शिवाय त्यांचे पंचांग बर्फाच्या हिवाळ्यावर बेतलेले. आपली वेल डिसेंबरात ऐन भरात असते. ते जसेच्या तसे कसे लागू पडावे?

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तिकडील हे शेतकरीही फवारणी करतात. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण १८८५ पासून द्राक्षावर आहे व ते त्यांस चालते. पण तांबे मातीत साठत जाते आणि गांडुळांस बाधते. म्हणून युरोपात २०१९ पासून मर्यादा आली आहे, हेक्टरी सात वर्षांत २८ किलो. ‘काहीच मारीत नाही’ असे कोणी द्राक्षवाला म्हणाला, तर त्याच्या बागेत पावसात जाऊन पाहावे.

असो. २०११ च्या एप्रिलपासून धाकट्याने बदल आरंभिला. तणनाशक बंद. सीसीसी बंद. बोदावर उसाचे पाचट. (कामरेज परिसर उसाचा, येथे पाचट जळताना पाहिले की आमचा जीव अजून तुटतो.) दोन ओळींच्या मध्ये ताग. शेणखत दुप्पट, आणि सुभाष पाळेकरांच्या रीतीचे जीवामृत: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बुरशीचे औषध अजिबात सोडले नाही, परंतु तारखेवरून मारणे सोडले. पान उलटून पाहूनच मारावयाचे.

पहिल्या वर्षी माल एकरी दहा टनांवरून सहावर आला. दुसऱ्या वर्षी आमचीच चूक झाली. ताग गोडी छाटणीपूर्वी गाडावयास हवा होता, तो उभा राहिला. मंडपाखाली दमटपणा कोंडला आणि पाऊस नसतानाही डावणी आली. पाचटाच्या थरास वाळवी लागली ती वेगळीच. तिसऱ्या वर्षी घड बरे होते, पण मणी बारीक. बाजाराने भाव पाडला.

ही मधली तीन वर्षे, बंधुभगिनींनो, हाच आमच्या भाषणाचा विषय आहे. माती तीन पावसाळ्यांत सावरते. पण शेतकऱ्याचे देणे तीन पावसाळे थांबत नाही. आम्ही धाकट्यास सांगितले, की तीन वर्षे आमचा हिस्सा पाठवू नको. आम्ही नोकरदार, सांगणे आम्हांस सोपे गेले. मधल्याच्या घरी मुलीचे लग्न ठरलेले होते आणि त्याने त्या पैशांवर हिशेब मांडला होता. याच कामरेजच्या घरात, दिवाळीच्या फराळावर, आम्हां दोघांत असे बोलणे झाले की पुढे आठ महिने येणेजाणे बंद होते. तो म्हणाला, माती जिवंत करण्यासाठी माझी मुलगी का थांबावी? याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी त्याच्या वाट्याचे पैसे आम्ही आमच्या भविष्यनिर्वाह निधीतून उचलून दिले. लग्न झाले. हे त्याच्या परवानगीने सांगत आहोत. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे.

चौथ्या वर्षापासून माल एकरी आठ टनांवर स्थिरावला. दहा पुन्हा झाला नाही, आणि होणार नाही असे धाकटा म्हणतो. पण औषधाचे बिल निम्म्याहून खाली आले, आणि पाण्याची एक पाळी वाचते. बोदात आता पहार लागत नाही. दिंडोरीकडे मुरमाड उतारावर वाइनची द्राक्षे करणारे आमचे एक सोयरे आहेत. त्यांस तर एकरी चार-पाच टनच हवे असतात, कारण वाइनच्या घडात वजन नको, रस घट्ट हवा. त्यांचा कारखान्याशी भावाचा करार असतो. ते म्हणतात, कमी मालाची बाग म्हणजे निम्मी काळजी. खाण्याच्या द्राक्षास ही सोय नाही. तेथे मणी मोठा नसेल तर गिऱ्हाईक पुढे जाते, आतली माती कोण पाहतो?

तेव्हा मागणे एवढेच. आपल्यापैकी ज्यांचा भाऊ, चुलता, पुतण्या गावी जमीन करतो आणि असा बदल करू म्हणतो, त्यांनी त्याच्याकडे तीन वर्षे खंड मागू नये. ज्या घरास ते झेपत नाही, मुलीचे लग्न आहे, आजारपण आहे, अशा घराच्या वाट्याची रक्कम ट्रस्टने बिनव्याजी उचल म्हणून द्यावी. आपला ट्रस्ट शिक्षणासाठी अशी उचल देतोच. तसा लेखी अर्ज आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. मंडळातील एक-दोघांचे म्हणणे असे, की परगावच्या शेतीस ट्रस्टचा पैसा लावणे घटनेत बसत नाही. बसत नसेल तर येत्या वार्षिक सभेत त्यावर चर्चा व्हावी. आमचे म्हणणे चुकीचे असेल तर तेही तेथे कळेल.

कोणास आमची बाग पाहावयाची असेल तर आनंदाने यावे. फेब्रुवारीत यावे, घड भरलेले असतात आणि आई आग्रहाने खाऊ घालते. एप्रिलात मात्र येऊ नये. तेव्हा खरड छाटणी नुकतीच झालेली असते, मंडपावर एक पान नसते, आणि पाहणाऱ्यास वाटते की कुऱ्हाड लावली.