उलट तारणाचे घर आणि वारसांचा हक्क



आयुष्यभराच्या कमाईतून घर उभे राहते. परंतु वार्धक्यात घर आहे आणि हाती पैसा नाही, अशी स्थिती अनेकांच्या वाट्याला येते. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये ‘रिव्हर्स मॉर्गेज’ म्हणजेच उलट तारण कर्जाची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. साठ वर्षांवरील व्यक्तीने आपले स्वकष्टार्जित राहते घर तारण ठेवावे, बँकेने तिला ठराविक रक्कम द्यावी आणि तिने हयातभर त्याच घरात राहावे, असे या कर्जाचे स्वरूप आहे.

खरा प्रश्न उद्भवतो तो कर्जदार पतिपत्नींच्या पश्चात. घर आता बँकेचे झाले, असा वारसांचा समज होतो. तो यथार्थ नाही. व्याजासह कर्ज फेडून घर सोडवून घेण्याचा पहिला हक्क वारसांचाच असतो. घर विकले गेले, तरी देणे वजा जाता उरलेली रक्कम त्यांनाच मिळते. देणे घराच्या किमतीहून अधिक झाले, तरी कर्जाच्या अटी पाळलेल्या असल्यास वसुली निव्वळ विक्रीमूल्यापुरतीच मर्यादित राहते.

तथापि, हक्क असणे आणि तो बजावता येणे यांत अंतर आहे. दरमहा १०,००० रुपये १५ वर्षे घेतले, तर मुद्दल १८ लाख रुपये होते. परंतु दरसाल १० टक्के दराने मासिक चक्रवाढ धरता देणे सुमारे ४१ लाखांवर जाते. घराची किंमत ६५ लाख असल्यास वारसांसाठी २४ लाख उरतात. समान हक्काच्या चार भावंडांपैकी एकाला घर राखावयाचे असेल, तर बँकेचे ४१ लाख आणि इतर तिघांचे १८ लाख, असे एकूण ५९ लाख त्याला उभे करावे लागतात. विवाहित बहिणीचा हिस्साही यात आलाच. घराच्या विक्रीसाठी मात्र मार्गदर्शक तत्त्वांनी सुचविलेली मुदत सुमारे दोन महिन्यांचीच आहे.

म्हणूनच ही तयारी आईवडिलांच्या हयातीतच व्हावयास हवी. दरवर्षी बँकेकडून देण्याचा हिशेब मागून घ्यावा. मृत्युपत्र करून ठेवावे. पुढे भावंडांत ठरेल त्याप्रमाणे हक्कसोडपत्राची रीतसर नोंदणी करावी आणि कर्ज फिटताच मूळ कागदपत्रे परत घ्यावीत.

मुलांचे घर जाईल या भीतीने औषधपाण्याची आबाळ सोसणारे वृद्ध आपल्या अवतीभवती आहेत. शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांनी हा हिशेब त्यांच्या कुटुंबांपुढे मांडला, तर वृद्धांचा निर्वाह आणि वारसांचा हक्क या दोहोंचे रक्षण होईल.