विद्यार्थ्यांचे काम आणि आपला धीर



आपल्या भंडारा जिल्ह्यात तलाव व बोड्या यांना तोटा नाही. हायस्कुलातील एखाद्या मुलाने वा मुलीने गावच्या बोडीचे पाणी वर्षभर मोजून वहीत नोंदावयाचे मनात घेतले, तर विषय दाराशीच आहे. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने अशाच स्थानिक प्रश्नांच्या अभ्यासाची वाट दाखविली. उणीव आहे ती धीराची. रोवणी लागली की नोंदी खुंटतात. मग अखेरच्या रात्री वडीलधारी मंडळीच वही पुरी करून देतात. हा दोष आमच्याही हातून घडला आहे.

ऑगस्टिनियन संघाचे ग्रेगोर मेंडेल १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. तरी मठाधिपती नाप यांनी पुढल्याच वर्षी त्यांस व्हिएन्ना येथे शिकावयास पाठविले व पुढे मठाच्या बागेत जागा दिली. तेथे १८५६ ते १८६३ पर्यंत मेंडेल यांनी वाटाण्याची हजारो रोपे वाढवून मोजली. जागा व अवसर मठाधिपतींनी दिला. मोजणी मात्र मेंडेल यांचीच होती.

आपणही तसेच करावे. आठवड्यातून एकदा मुलांजवळ बसून काय आढळले ते विचारावे. चुकलेली नोंद खोडू नये. ती का चुकली, हे त्यांनाच लिहू द्यावे. रोवणीच्या दिवसांतही मोजणीपुरता अर्धा तास त्यांस मोकळा ठेवावा. प्रभू आपणां सर्वांस तो धीर देवो.