पगार कधी सुरू होतलो?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘संशोधन क्षेत्रातील संधी’. विषय भारदस्त आहे. पण मालवणात आल्यावर मला वर्षानुवर्षं जे विचारलं गेलं ते याहून सरळ होतं. पहिला प्रश्न, ‘तुजा शिक्षण अजून संपूक नाय?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘मगे पगार कधी सुरू होतलो?’ मी आज या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. कारण आपल्याकडच्या हुशार मुलांची वाट नेमकी इथेच अडते.

तुम्हाला ठाऊक आहे, माझे बाबा मालवण डेपोत कंडक्टर होते. घरात डॉक्टर आणि मास्तर हे दोनच शिकलेले धंदे माहीत. मी पुण्यात तापाच्या जंतूंवर काम करते हे आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे तू डॉक्टरीण नाय, पण आजार तुझेच!’ यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

हे काम आपल्यापासून लांबचं नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहणाऱ्या माणसाला लेप्टो होतो, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माकडताप 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. त्याचा विषाणू शोधला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. 2016 मध्ये तोच ताप आपल्या दोडामार्ग तालुक्यात आला. काजू गोळा करायचे दिवस आणि गोचिडीचे दिवस एकच. अशा वेळी काजूच्या बागेत कोण, कधी आणि का जातो हे ज्याला घरातूनच माहीत आहे, असा संशोधक प्रयोगशाळेत असला तर फार फरक पडतो. म्हणून आपली मुलं या क्षेत्रात यायला हवीत.

आता पगाराचं. पुष्कळ पालकांना वाटतं, पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षं फी भरायची. विज्ञानात तसं नसतं. एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ मिळाली, तर 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. दोन वर्षांनी काम समाधानकारक असेल तर 42,000. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याही अशा फेलोशिप आहेत. आपल्या राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. अटी बदलत असतात, म्हणून दर वर्षीची जाहिरात स्वतः वाचायची. ऐकीव माहितीवर जायचं नाही.

पण खरी सुरुवात त्याच्या आधी होते. बीएस्सी किंवा एमएस्सी करणाऱ्या मुलांसाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत काम करायचं आणि त्याचं विद्यावेतनही मिळतं. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास भरावा लागतो. आपली मुलं मे महिन्यात विचारतात, आणि तोवर यादी लागलेली असते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची एसटीएस नावाची योजना 1979 पासून आहे. तीही दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी. ओरोसला आता आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी लेप्टोवर असे छोटे प्रकल्प केले, तर त्यासाठी मुंबईला जायचीही गरज नाही.

सगळ्यात नाजूक काळ येतो पीएचडीनंतर. वय तिशीच्या आसपास, घरी लग्नाचा विषय, आईवडिलांची औषधं सुरू झालेली, आणि हातात कायमची नोकरी नाही. अनेक चांगले लोक इथे सोडून जातात. या वयासाठी 2008 साली भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून ‘इंडिया अलायन्स’ उभी केली. तिच्या पाच वर्षांच्या फेलोशिपमध्ये स्वतःचा पगारही असतो आणि संशोधनाचा खर्चही. डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांसाठीही ती आहे. 1 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. रक्कम 1,500 कोटी, त्यातले 1,000 कोटी आपल्या सरकारचे आणि 500 कोटी वेलकमचे. म्हणजे पैसा आहे. तो आपल्या मुलांपर्यंत पोचत नाही, कारण मधली माणसं नाहीत.

मधलं माणूस म्हणजे काय, त्याचं एक उदाहरण सांगते. डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या. लग्नानंतर मुंबईत आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. 1949 मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली. पुढे काय, या प्रश्नावर खानोलकरांनीच त्यांना फेलोशिप मिळवून अमेरिकेत जायला उद्युक्त केलं. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या, परत आल्या आणि मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभी केली. पुढे कर्करोगावर आणि कुष्ठरोगाच्या जंतूंवर त्यांनी मोठं काम केलं. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं. बुद्धी त्यांची, कष्ट त्यांचे. पण ‘जा, अर्ज कर’ म्हणणारं माणूस वेळेवर भेटलं, हेही तितकंच खरं.

माझ्याही बाबतीत एक माणूस वेळेवर भेटलं, आणि ते या सभागृहातच बसलं आहे. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझी फेलोशिप सात महिने आली नाही. कागद कुठल्या टेबलावर अडकला होता ते आज महत्त्वाचं नाही. ही गोष्ट अनेकांच्या बाबतीत घडते. पैसे बुडत नाहीत, उशिरा एकरकमी मिळतात. पण खोलीचं भाडं आणि खानावळीचं बिल सात महिने थांबत नाही. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. मी सामान बांधून परत यायच्या तयारीत होते. तेव्हा आपल्या वर्गातला एक मित्र मुंबईत नोकरी करत होता. त्याने दर महिन्याला पाच हजार रुपये पाठवले. त्याचा पगारही फार नव्हता. फोनवर तो एवढंच म्हणाला, ‘फेडशील गो सावकाश.’ मी फेडले. नाव सांगितलं तर तो उठून बाहेर जाईल, म्हणून सांगत नाही.

तेव्हा माझी आजची मागणी साधी आहे. शाळेला इमारत रंगवून द्या, संगणक द्या, ते चांगलंच आहे. पण त्याबरोबर एक छोटा फिरता निधी उभा करूया. दान नको, बिनव्याजी उसने पैसे. मुलाखतीसाठी तुतारीचं तिकीट, दोन महिन्यांच्या उन्हाळी कामासाठी राहण्याची अनामत, आणि फेलोशिप रखडली तर तेवढ्या काळापुरता आधार. फेलोशिप जमा झाली की पैसे परत, आणि तेच पुढच्या मुलाला. ही कल्पना नवी नाही. जमशेटजी टाटांनी 1892 साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला तो कर्जाऊच होता, आणि त्याचा लाभ घेणाऱ्या पहिल्या दोघींपैकी एक होत्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. घाट चढला की कोल्हापूर.

दुसरं, दर वर्षी गणपतीला गावात येणार आहातच. त्या आठवड्यात एक संध्याकाळ अकरावीपासून पुढच्या मुलांसाठी ठेवूया. अर्जांच्या तारखांचा एक तक्ता मी करून आणेन आणि दर वर्षी नवा करेन. ज्यांची पुण्या-मुंबईत घरं आहेत त्यांनी फक्त एवढं कळवावं, की परीक्षेला आलेलं एक पोर आमच्याकडे दोन रात्री राहू शकेल.

आपल्या बाई आणि सर इथे बसले आहेत. त्यांनी आम्हाला शिकवलं तेव्हा आम्ही पुढे काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं, तरी त्यांनी वेळ दिला. आपल्याला तर तारखा माहीत आहेत, रकमा माहीत आहेत, पत्ते माहीत आहेत. आपलं काम त्यांच्यापेक्षा खूपच सोपं आहे.

निधीची वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलं आहे. दुसरं त्या मित्राने मला न विचारता लिहिलेलं आत्ताच पाहिलं.