लेखणी लिहिती असावी

श्रोतेहो, उंची फाउंटन पेनांविषयी दहा मिनिटे बोलावे, असे मला सुचवण्यात आले आहे. या विषयावर कारखान्यांचा इतिहास सांगता येईल, किमतींची यादी वाचता येईल, कोणत्या तहावर कोणत्या पेनाने सही झाली याच्या कथाही रंगवता येतील. परंतु या विषयाशी निगडित अशी एकच तक्रार माझ्या मनात पुष्कळ दिवस घर करून आहे आणि ती आपल्यापुढे मांडल्यावाचून मला दुसरे काही सुचणार नाही. तक्रार अशी की, आपल्यापैकी ज्यांच्याजवळ उत्तम लेखणी आहे, त्यांतील बहुतेकांनी ती कुलपात ठेवली आहे. लग्नात सासऱ्यांनी दिलेली, निवृत्तीच्या समारंभात कचेरीतील मंडळींनी वर्गणी काढून दिलेली, परदेशी गेलेल्या मुलाने आणलेली ती लेखणी मखमली पेटीत, पेटी कापडात आणि कापड कपाटाच्या चोरखणात. मालक मात्र बँकेचा अर्ज, बहिणीला पत्र, किराण्याची यादी, सारे काही हाताला लागेल त्या बॉलपेनाने लिहून मोकळा होतो. विचारले तर म्हणतो, "चांगली आहे, म्हणून जपून ठेवली आहे." मला आज सांगायचे आहे ते एवढेच की, अशा जपणुकीनेच लेखणी मरते.

ज्यांच्या दारात गाय आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. दुभत्या गाईची धार वेळच्या वेळी काढावी लागते. तिला विसावा द्यावा अशा प्रेमळ हेतूने कोणी धार काढायचे सोडले, तर कास ताठते, सड दुखू लागतात, दूध आटत जाते आणि भरल्या गोठ्यात गाय भाकड होते. फाउंटन पेनाची प्रकृती याहून निराळी नाही. निबेच्या पोटाशी जी फीड असते, तिच्यात केसासारख्या बारीक पन्हळी कोरलेल्या असतात. त्यांतून शाई खाली उतरते आणि जितकी उतरली तितकी हवा वर चढते. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतले ते या देवघेवीच्या चोख बंदोबस्ताबद्दल. हा व्यवहार थांबला, म्हणजे शाईतले पाणी उडून जाते, रंगद्रव्य मागे राहते, पन्हळी आतून लिंपल्या जातात, आणि वर्षभराने मालक मोठ्या हौसेने पेटी उघडतो तेव्हा ती लेखणी कागदावर नुसती खरडते. मग "एवढे महागाचे पेन, पण दगा दिला" असे म्हणून तो कारखान्याला दोष देतो. दोष धार न काढणाऱ्याचा आहे!

जुन्या लेखण्यांच्या बाबतीत तर याहूनही कठीण प्रकार आहे. थिओडोर कोवाच नावाच्या हंगेरियन अभियंत्याच्या युक्तीवर आधारलेले, दट्ट्या फिरवून शाई ओढणारे पेन हॅनोव्हरच्या पेलिकन कारखान्याने १९२९ साली बाजारात आणले. त्या काळच्या दट्ट्यांना बुचाची कडी असे. बूच ओले असेपर्यंत फुगलेले राहते आणि नळीला घट्ट बसते. शाई आटली की तेही सुकते, आक्रसते आणि दट्ट्या ढिला पडून शाई मागल्या बाजूस पाझरू लागते. आजोबांचे पेन वापरात राहिले असते तर ते बूच अधिक काळ टिकले असते. त्यांच्या स्मरणार्थ बंद करून ठेवले, म्हणून ते निकामी झाले.

आता निबेकडे वळतो, कारण खरेदीच्या वेळी होणारी चूक इथेच आहे. बाजारात जाणता शेतकरी गाईची कास पाहतो, सड चाचपून पाहतो. शिंगांना लावलेल्या हिंगुळावर आणि पाठीवरच्या झुलीवर तो भाळत नाही. पेन घेणारे आपण मात्र टोपणाची सोनेरी कडी, क्लिप आणि माथ्यावरचे बोधचिन्ह पाहून पैसे मोजतो. हँबुर्गच्या माँब्लाँ कारखान्याच्या माइस्टरश्ट्यूक पेनाच्या निबेवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो, ती त्या नावाच्या पर्वताची मीटरमधली उंची, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असते. पण त्याच निबेची जाडी कोणती, ती आपल्या अक्षराला मानवेल की नाही, हे विचारण्याचे मात्र राहून जाते. चौदा कॅरटच्या निबेत ५८.५ टक्के सोने आणि अठरा कॅरटच्या निबेत ७५ टक्के, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु कागदाला सोने लागतच नाही. सोने मऊ, ते कागदावर घासले तर पाहता पाहता झिजेल. म्हणून टोकाला ऑस्मियम, इरिडियम, रुथेनियम अशा अतिकठीण धातूंच्या मिश्रणाचा एक बारीकसा मणी जडवलेला असतो आणि लिहितो तो मणी. सोन्याचे काम दोन प्रकारचे : आम्लयुक्त शाईने गंजायचे नाही, आणि हाताच्या भाराखाली किंचित लवून पुन्हा सरळ व्हायचे. त्यातही अठरा कॅरटची निब अधिक लवचीक असा जो समज आहे तो बरोबर नाही. लवचीकपणा निबेच्या घडणीवर, जाडीवर आणि खांद्यांच्या कापावर अवलंबून असतो, आणि लवून परत येण्याच्या गुणात चौदा कॅरटचे मिश्रण पुष्कळदा सरस ठरते.

एकदा भिंग घेऊन निबेकडे निवांतपणे पाहा. मधल्या छिद्रापासून टोकापर्यंत गेलेली चीर, तिच्या दोन अंगांची दोन पाती आणि त्या पात्यांच्या शेवटी तो मणी, मधोमध दुभंगलेला. दोन्ही अर्धे समपातळीत असावेत. एक अर्धा केसभर वर असला, तर एका दिशेने निब लोण्यासारखी जाते आणि दुसऱ्या दिशेने कागद ओरबाडते. चीर छिद्रापाशी किंचित रुंद आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असावी, म्हणजे शाई आपोआप टोकापर्यंत ओढली जाते. दुकानात उभे असताना इंग्रजी सही करून पेन पसंत करू नका. सहीत मनुष्य हात झोकून देतो, आणि तेव्हा कोणतीही निब बरी वाटते. चार ओळी मराठीत लिहा, नेहमीच्या आकारात, शिरोरेषेसकट, आणि त्यांत क्ष, ज्ञ, द्ध, ह्म अशी गाठींची अक्षरे मुद्दाम येऊ द्या.

याचे कारण असे की, निबेच्या जाडीचा प्रश्न लिपीशी बांधलेला आहे. जपानी कारखान्यांची बारीक निब युरोपी बारीक निबेपेक्षा साधारण एका पायरीने अधिक बारीक असते. लहानशा चौकोनात अनेक रेषा बसवणाऱ्या त्यांच्या लिपीची ती गरज. आपली जोडाक्षरेही त्याच जातीची. बारीक अक्षर काढणाऱ्या माणसाने जाड निब घेतली, तर ध आणि घ यांची पोटे शाईने भरून येतात आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. उलट ज्याचे अक्षर मोठे, मोकळे आणि संथ आहे, त्याने स्टब निब अवश्य वापरून पाहावी : टोक सपाट छाटलेले असल्यामुळे, निब सरळ धरली की उभी रेषा भरदार आणि आडवी बारीक उमटते, काना ठसठशीत, शिरोरेषा नाजूक, आणि साध्या पत्राला पोथीचे रूप येते. तिरप्या छाटाची ऑब्लिक निब मात्र सावधपणे घ्यावी. आपले जुने लेखक देवनागरीसाठी बोरूला जो तिरका छाट देत, त्याचा कल रोमन अक्षरांच्या लेखणीच्या उलट असे. युरोपी हातासाठी घडवलेला उतार आपल्या अक्षराला जुळेलच असे नाही. पानभर लिहून पाहिल्यावाचून हे कळत नाही, आणि म्हणून मी पुन्हा माझ्या मूळ मुद्द्यावर येतो : लेखणी लिहून कळते, लिहून टिकते, आणि लिहूनच आपली होते.

आपली होते, हे शब्दशः घ्या. परक्या हाताला गाय पान्हा चोरते, हे आपण पाहिलेले आहे. गाय तीच, चारा तोच, पण हात बदलला की धार थांबते. निबेलाही धरण्याचा एक कोन मानवतो. रोज लिहिणाऱ्याच्या हाताला तो कोन न शोधता सापडतो, आणि पाहुण्याच्या हातात तीच निब अडखळते. अडखळली की पाहुणा दाबतो, कारण बॉलपेनाने त्याला दाबण्याचीच सवय लावलेली आहे. दाबली की पाती फाकतात, आणि फाकलेली पाती पूर्ववत करणे हे कुशल कारागिराचे काम आहे. म्हणून टपाल कचेरीत "जरा पेन देता का" असे कोणी विचारले, तर त्याच्यासाठी दुसरे, साधे पेन खिशात असू द्यावे. यात कृपणपणा नाही.

कोणी म्हणेल, आमची लेखणी कलावस्तू आहे. तिच्यावर जपानी माकिए पद्धतीने उरुशी नावाच्या रोगणात सोन्याची पूड बसवून पक्षी आणि लाटा चितारल्या आहेत, ती रोज कशी वापरावी? त्यांना माझे नम्र उत्तर असे की, तेच उरुशी रोगण जपानात शतकानुशतके जेवणाच्या वाडग्यांवर चढवले जाते. ज्या रोगणाने रोजचे ऊन ऊन सार सोसले, ते आपल्या तीन बोटांना भिणार नाही. १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींनी राजमहेंद्रीच्या रत्नम यांना, त्यांनी केलेल्या स्वदेशी फाउंटन पेनाबद्दल पत्र लिहिले, त्यात ते पेन आपण वापरले आहे असे आवर्जून नमूद केले. लेखणीला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही, आणि पेटीत बंद राहिलेल्या लेखणीला ते कधीच मिळत नाही.

वेळ भराभर चालला आहे, तेव्हा काही व्यवहाराच्या गोष्टी उरकून घेतो. गाईला आपण वाटेल ते चारत नाही, तसे पेनातही वाटेल ती शाई भरू नये. चित्रकारांची लाखयुक्त काळी शाई पन्हळीत सुकली की सहसा निघत नाही. तिने पेन कायमचे बाद होऊ शकते. फाउंटन पेनासाठी केलेली साधी निळी शाई उंचीतल्या उंची लेखणीला मानवते, आणि ती विलायतेहूनच आली पाहिजे असे मुळीच नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली गिरगावात शाईची भुकटी आणि वड्या करण्याचा जो उद्योग आरंभला आणि जो पुढे कॅम्लिन म्हणून नावारूपाला आला, त्याच्या शाईवर या प्रांतातल्या कित्येक पिढ्यांनी परीक्षा दिल्या आहेत. उन्हाळ्यात टोपण घट्ट लावा, कारण कोरड्या हवेत निबेवरची शाई लवकर सुकते. श्रावणात कागद दमट होतो आणि शाई फुटते, तेव्हा जाड निब बाजूला ठेवून बारीक घ्या. विमानप्रवासात नळी काठोकाठ भरावी किंवा साफ रिकामी करावी, कारण अर्ध्या नळीतली हवा वर गेल्यावर फुगते आणि शाईला बाहेर लोटते.

ज्यांच्याजवळ पाच-दहा लेखण्या आहेत त्यांनी सर्वच शाई भरून ठेवाव्यात असे माझे म्हणणे नाही. दोन लिहित्या ठेवाव्यात. बाकीच्या धुऊन, कोरड्या करून ठेवाव्यात आणि पाळीपाळीने काढाव्यात. धुताना पाणी साधे असावे, ऊन नसावे. वाटीत निब बुडवून दट्ट्या किंवा पिशवी हलक्या हाताने चालवली, की आधी शाईचा दाट ढग उठतो, मग एक निळा धागा पाण्यात खाली खाली जातो, मग तोही फिका होत होत नाहीसा होतो. तो नाहीसा होईपर्यंत पाणी बदलत राहावे. एवढे केले तर, बुचाच्या दट्ट्याची जुनी सोडून, कोणतीही लेखणी वर्ष-वर्ष विश्रांती घेऊनही बिघडत नाही. नासते ती शाई पोटात ठेवून कुलपात घातलेली. हे मी तिसऱ्यांदा सांगत असेन, पण या बाबतीत मला संकोच वाटत नाही.

आणि श्रोतेहो, यात जो आनंद आहे त्याचा हिशेब कोण करणार? सकाळच्या उजेडात पहिली ओळ ओली असताना क्षणभर चमकते आणि डोळ्यांदेखत विझून कागदात मुरते. काना ओढताना निब किंचित लवते आणि रेषेच्या शेवटी बोटांना हलकेच उचलून धरते. ज्याने या सुखासाठी भरभक्कम पैसे मोजले, त्याने ते घेऊच नये, याला काय म्हणावे?

निब घासून घेण्याविषयी बोलायचे होते. आडवी रेषा जाड आणि उभी बारीक उमटेल असाही मणी घासता येतो, आणि आपल्या शिरोरेषेला तो कसा शोभतो याची दोन उदाहरणे मी काढून ठेवली होती. पण समोरचा लाल दिवा मला तसे करू देणार नाही. तेव्हा एवढेच लक्षात ठेवा की, कारागिराने मण्याचा जो भाग घासून काढला तो पुन्हा लावता येत नाही. निब त्याच्याकडे नेण्यापूर्वी ती स्वच्छ धुऊन तिने महिनाभर रोज एक पान लिहा, न दाबता; पन्हळी मोकळ्या होतात, हाताला कोन सापडतो, आणि पुष्कळ निबांची तक्रार तेवढ्यानेच मिटते. ज्यांची मिटणार नाही त्यांच्याविषयी पुन्हा केव्हा तरी.