‘खाट नाही’ या उत्तराची जबाबदारी



हक्क आणि कर्तव्य यांची तात्त्विक चर्चा विद्वानांनी करावी. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीत अधिक झाले. म्हणून आम्ही एका मजुराच्या हकिकतीपासूनच आरंभ करतो.

8 जुलै 1992 ची संध्याकाळ. पश्चिम बंगालमध्ये मथुरापूर स्टेशनावर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साधने नव्हती, म्हणून त्याला पुढे धाडले. मध्यरात्रीच्या सुमारास तो कलकत्त्यास पोचला. तेथील सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, ताबडतोब दाखल करावे असा अभिप्रायही मिळाला. पण खाट नव्हती. दुसऱ्या रुग्णालयात नव्हती, तिसऱ्यातही नव्हती. अखेर त्याला खाजगी रुग्णालयात ठेवावे लागले व सुमारे 17,000 रुपये खर्च आला. शेतमजुराला ही रक्कम म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको.

श्रोतेहो, यात ‘मरू दे’ असे कोणीच म्हटले नाही. जो तो ‘पुढे जा’ एवढेच म्हणाला. प्रत्येकाने आपले कर्तव्य पुढच्या दारावर ढकलले आणि शेवटचे दार पैशाचे निघाले.

हा मजूर ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’चा सभासद होता. समिती त्याच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेली. 1996 साली निकाल लागला. वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि 25,000 रुपये भरपाई दिली. पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही. आरोग्य केंद्रांत सोयी हव्यात, रिकाम्या खाटांची माहिती देणारी मध्यवर्ती व्यवस्था हवी, सुसज्ज रुग्णवाहिका हव्यात, असेही सांगितले. त्यापूर्वी 1989 साली परमानंद कटारा खटल्यात याच न्यायालयाने म्हटले होते की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जखमीचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले काम. पोलिसांचे कागद त्यानंतर.

निकाल लागले, पण रुग्णालयाच्या दारात रात्री अकरा वाजता निकालपत्र वाचून दाखवणार कोण? आम्ही स्वतःकडेही बोट दाखवतो. बोनससाठी आम्ही किती मोर्चे काढले! आपल्या गावच्या रुग्णालयात किती खाटा आहेत, हे मात्र कधी विचारले नाही. घरचा माणूस आजारी पडला की आम्हीही ओळखीची चिठ्ठी शोधत फिरलो. एकाला चिठ्ठीने खाट मिळते, तेव्हा चिठ्ठी नसलेला कोणीतरी बाहेर राहतो.

म्हणून शिक्षणाचा प्रश्न येथे येतो. डॉक्टर घडवताना समाजाचा पैसा लागतो, तसाच नागरिक घडवण्यासाठी समाजाने वेळ दिला पाहिजे. रस्त्यावर अपघात झाला की भोवती गर्दी जमते, पण पोलिसांच्या भीतीने हात कोणी लावत नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे. हे प्रत्येक शाळेत, प्रत्येक चाळीत सांगितले पाहिजे.

त्या मजुराच्या मागे संघटना होती, म्हणून त्याची हकिकत आपल्यापर्यंत आली. ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्या मागे आपण उभे राहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.